खोललेली फियाट

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नांदेड जिल्ह्यावर जो पाऊस कोसळला, त्याने शेतातलं सोयाबीन तर नेलंच, पण आमच्या बिलोलीच्या घरामागच्या शेडचे दोन पत्रेही उचकटले. पाणी थेट आत. आई म्हणाली, "त्या गाडीवर काहीतरी टाक रे, भिजायली." आता यात गंमत अशी, की ज्या गाडीकडे मी चौदा वर्षं धड बघितलं नव्हतं, ती भिजतेय हे घरात सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं.

शेडमध्ये मी जात नव्हतो असं नाही. कुदळ आणायला जायचो, पोती टाकायला जायचो. गाडी तिथे होती आणि मी तिच्याकडे पाठ करून कुदळ शोधायचो. हे कसं जमतं ते ज्यांच्या घरात अर्धवट सोडलेलं एखादं काम पडून आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कुणाकडे शिवणयंत्र असतं, कुणाकडे अर्धी लिहिलेली वही. माझ्याकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे.

आधी गाडीबद्दल. कागदावर 'प्रीमियर पद्मिनी', पण बिलोलीत तिला कुणी पद्मिनी म्हटल्याचं मला आठवत नाही. ती 'फियाट', किंवा मग 'डॉक्टरसाहेबांची गाडी'. वालचंद हिराचंदांच्या समूहाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, आणि इटलीच्या फियाट कंपनीचं ११०० हे मॉडेल तिथे बनायला लागलं. खुद्द इटलीत ही ११०० मालिका १९६९ मध्ये संपली. आपल्याकडे मात्र तीच गाडी १९७० च्या दशकात चित्तोडच्या राणीचं नाव लावून पुढची पंचवीसेक वर्षं निघत राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट, दाराला ती छोटी त्रिकोणी काच. एके काळी या गाडीसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. आज हे मुलांना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं.

आमच्या अण्णांनी ती १९८४ मध्ये नांदेडच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. मारुती ८०० त्याच्या आदल्या वर्षीच, डिसेंबर १९८३ मध्ये, बाजारात आली होती आणि मित्रांनी त्यांना थोडं थांबायचा सल्ला दिला होता. अण्णा म्हणाले होते, मारुती बिघडली तर नांदेडला न्यावी लागेल, फियाट उस्ताद इथंच नीट करतो. विषय संपला. त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षं ती गाडी कुंडलवाडी, सगरोळी, येसगीच्या बाजूच्या खेड्यांत रात्री-अपरात्री गेली. कित्येकदा परत येताना तिच्यात पेशंट असायचा, पेशंटची माय असायची, आणि एकदा तर एक शेळीही होती (शेळी पेशंट नव्हती, तिला घरी एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून आली होती).

आणि मग २०११ च्या उन्हाळी सुट्टीत मी ती खोलली.

इथे थोडं थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. लोकांना मी इतकी वर्षं सांगत आलो, की "अण्णांची जुनी बंद पडलेली गाडी रिस्टोअर करायला घेतली होती, राहून गेलं." यातला 'बंद पडलेली' हा शब्द खोटा आहे. गाडी चालू होती. धूर सोडायची, उन्हाळ्यात तापायची, चढाला धापा टाकायची, पण चालू होती. मे महिन्यातल्या ज्या सकाळी मी आणि उस्तादांनी तिचं बॉनेट उतरवलं, त्याच्या आदल्याच दिवशी अण्णा तिच्यातून देगलूरला जाऊन आले होते.

मग खोलली कशाला? मुंबईच्या विंटेज रॅलीचे रंगीत फोटो मी पेपरात बघितले होते. आरशासारखा रंग, चकाकणारे बंपर, नवीकोरी सीट. तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो, सहाव्या वेतन आयोगाचा फरक नुकताच हातात आला होता, आणि आपणही वडिलांसाठी असं काहीतरी करावं असं फार वाटत होतं. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "चालती है ना, बस झालं की." मला वाटलं ते भिडेखातर नाही म्हणताहेत.

उस्तादांनीही एकदा सुचवून पाहिलं. म्हणाले, "सर, पहले इंजिन का काम कर लेते, फिर बॉडी देखते. सब एकदम नक्को." मी ऐकलं नाही. एका आठवड्यात सीट, दारं, काचा, इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, सगळं बाहेर आलं. खोलण्यात एक नशा असते. रोज संध्याकाळी आपण कायतरी मोठं केल्यासारखं वाटतं. दहा क्रमांकाचा पाना फिरतो, बोल्ट सुटतो, एक भाग हातात येतो, ढीग वाढतो. प्रगती डोळ्यांना दिसते. जोडताना यातलं काहीच होत नाही. जोडताना एका दिवसात एक वॉशर बसतो, आणि तोही दुसऱ्या दिवशी काढावा लागतो.

पुढचं सगळं नेहमीसारखंच. बंपर आणि ग्रिल क्रोमिंगसाठी बाहेरगावी दिले. ते दुकान सहा महिन्यांनी उठलं, मालकाचा पत्ता नाही. पुढचा बंपर परत मिळाला, मागचा गेला तो गेला. पत्र्याचं काम निम्मं झालं आणि पैसे संपले. २०१३ मध्ये माझी बदली किनवटच्या बाजूला झाली. नांदेड जिल्ह्याचा नकाशा ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल, बिलोली एका टोकाला आणि किनवट दुसऱ्या. महिन्यातून एकदा घरी यायचो. पहिली दोन वर्षं प्रत्येक वेळी जेवताना अण्णा विचारायचे, "काय झालं गाडीचं?" मी म्हणायचो, दिवाळीनंतर बघू. मग त्यांनी विचारणं सोडलं. ते विचारत नाहीत हे माझ्या लक्षात यायलाही बरेच दिवस लागले, आणि लक्षात आल्यावर मला आधी हायसं वाटलं, हेही लिहूनच टाकतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात अण्णा गेले. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तोच हा उन्हाळा. शेवटची पाच वर्षं ते लोकांच्या मोटारसायकलवर मागे बसून किंवा ॲपे रिक्षाने पेशंटकडे जात होते, कारण त्यांची चालती गाडी मी त्यांना 'भेट' द्यायला म्हणून खोलून ठेवली होती.

२०१९ मध्ये माझी परत बिलोलीजवळ बदली झाली. २०२० मध्ये उस्ताद गेले. त्यानंतर कुणी विचारलं की मी सांगायचो, उस्ताद नाहीत, आता कोण जोडणार. कारण खरं होतं, पण ते मिळाल्याचं मला बरं वाटलं होतं.

*

तर, पावसाने पत्रे उचकटले म्हणून शेड रिकामी करणं भाग पडलं आणि गाडीकडे पाठ करायला जागाच उरली नाही. दिवाळीच्या सुट्टीत सगळं अंगणात काढलं. अण्णांच्या दवाखान्यातले सलाइनचे रिकामे खोके, डालड्याचे डबे, पोत्यात गुंडाळलेलं काय काय. भंगारवाला न बोलावता हजर झाला आणि वजनावर भाव सांगून गेला. भाऊ फोनवर म्हणाला, देऊन टाक, शेडचा उपयोग तरी होईल. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

माझी मोठी भीती वेगळी होती. २०११ मध्ये मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. आमच्या शाळेची सहल मी होट्टलला बऱ्याचदा नेलीय. देगलूर तालुक्यातली ती चालुक्यकाळातली मंदिरं दाखवताना मुलांना मी ऐटीत सांगायचो, की असं जुनं मंदिर शास्त्रशुद्ध पद्धतीने उतरवून पुन्हा उभं करायचं असेल तर दगड हलवण्याआधी प्रत्येक दगडावर आकडा घालतात, नकाशा करतात, फोटो काढतात, नाहीतर मंदिराचा दगडांचा ढीग होतो. हे मुलांना सांगणाऱ्या माणसाच्या घरी चारशे-पाचशे नट-बोल्ट, स्प्रिंगा, क्लिपा आकडा न घालता पडलेल्या होत्या.

पहिला खोका उघडला. आत वर्तमानपत्राच्या पुड्या, आणि प्रत्येक पुडीला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी. अण्णांच्या प्रिस्क्रिप्शनच्या पॅडची.

मी चिठ्ठ्या बांधल्या नव्हत्या. उस्तादांना मराठी लिहिता येत नव्हतं. अक्षर अण्णांचं होतं, म्हणजे कुणालाही न लागणारं. आईला विचारलं. ती म्हणाली, "तू किनवटला होतास ना, तवा बसायचे दोघं दुपारच्याला. उस्ताद सांगायचा, हे लिहायचे." किती दिवस? "बरेच दिवस." मला का नाही सांगितलं? यावर आई काहीच बोलली नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

आता ते अक्षर वाचायचं कुणी? शेवटी खोका घेऊन बसस्टँडजवळच्या मेडिकलवर गेलो. तिथल्या दुकानदारांनी तीस वर्षं अण्णांच्या चिठ्ठ्या वाचून औषधं दिलीत. चष्मा लावून ते काउंटरवर एकेक पुडी वाचायला लागले, "मागचं डावं चाक, ब्रेक... डायनॅमोची पट्टी... हे काय, 'पुढच्या दाराचं, कुठलं ते उस्तादला विचारणे'..." मागे दोन गिऱ्हाईकं थांबलेली. एकाने विचारलं, कोणाला काय झालंय?

(एक चिठ्ठी साफ चुकीची निघाली. 'कार्बोरेटर' लिहिलेल्या पुडीत दाराच्या हँडलच्या स्प्रिंगा होत्या. अण्णा असल्या बाबतीत चुकायचे नाहीत, त्यामुळे मी हा दोष उस्तादांच्या खात्यावर टाकलाय.)

*

आता मला जे म्हणायचंय त्यावर येतो. ते पटेल न पटेल.

जुनी गाडी घरी दुरुस्त करायला घेणारे बहुतेक लोक मध्येच अडकतात. याचं कारण पैसा, वेळ, पार्ट मिळत नाहीत, मिस्त्री मिळत नाहीत असं सांगितलं जातं. मीही सांगितलं. पण माझं मत आता असं झालंय, की गाडी अडते ती 'नवी' करायच्या हट्टापायी. आपण तिला कारखान्यातून निघाली त्या दिवशीसारखी करायला जातो. मग रंग मूळचाच पाहिजे, बटणं मूळचीच पाहिजेत, सीटचं कापड तेच पाहिजे. एकेका बटणासाठी मुंबईच्या ऑपेरा हाऊसचं मार्केट, चोरबाजार, पुण्यातली नाना पेठ. आणि तोवर इंजिन शेडमध्ये गंजत असतं. जी गाडी चालत असते तिची चाकं आधी जमिनीवर ठेवायची, चालू ठेवूनच एकेक काम काढायचं, ही उस्तादांची पद्धत गरिबीची नव्हती, शहाणपणाची होती.

याला दुसरी बाजू आहे, ती मला दिसते. एखाद्या संस्थानिकाची १९३० च्या सुमाराची गाडी, जिच्यासारख्या देशात दोन-चारच उरल्यात, ती अचूक मूळ रूपात आणली तर ते इतिहास जपणंच झालं. तिथे बटणासाठी सहा महिने घालवणारा माणूस माझ्या दृष्टीने थोर आहे. पण पद्मिनी काही संस्थानिकाची गाडी नाही. तिच्यासारख्या लाखभराहून जास्त निघाल्या. मुंबईत तर ती टॅक्सी होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात सगळीकडे हळहळ उसळली होती. मलाही वाईट वाटलं, पण खरं सांगू का, शेडमध्ये खोललेली पद्मिनी ठेवून तिच्या आठवणींचे लेख वाचताना मला जरा लाज वाटत होती.

'चालती ठेवणं' आणि 'जपणं' यातला फरक सरकारच्या नियमांतही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरप्लेटवर 'व्हीए' अशी अक्षरं येतात, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. नियम चांगला आहे, आधी प्रत्येक राज्यात वेगळा गोंधळ होता. पण त्यातच अट आहे, की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच.

माझी गाडी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. मित्र म्हणतात, थांब की अजून थोडं, झकास रंग मार, विंटेजची पाटी लाव, नांदेडला कुणाच्या लग्नात नवरदेवाला बसवायला देता येईल. दुसरा रस्ता साधा: नेहमीचीच नोंदणी पुन्हा चालू करणं. त्याचीही फी ऑगस्ट २०२५ मध्ये वाढली. वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार, पाच वर्षांसाठी. म्हणजे दहा वर्षांचा हिशोब केला तर दोन्हीकडे आकडा सारखाच. वर पर्यावरण कर आहे, इतकी वर्षं नोंदणी संपून पडली त्याचा दंड आहे, आणि तपासणीत पास व्हावं लागेल. विंटेजची वाट सोपी आहे हे उघड आहे.

पण त्या वाटेने गेलो तर ही गाडी आईला घेऊन कुंडलवाडीला मावशीकडे जाऊ शकणार नाही. सगरोळीला कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर जाऊ शकणार नाही. तिने आयुष्यभर जे केलं तेवढं सोडून बाकी सगळं ती करू शकेल. मी साधी नोंदणी करायचं ठरवलंय.

एकदा हे ठरल्यावर बाकीची बरीच कोडी आपोआप सुटली. चालवायचीच आहे तर मूळचा रंग कोणता होता याने माझी झोप उडायचं कारण नाही. पुढच्या सीटला अण्णांनी दवाखान्यातल्या तपासणीच्या टेबलाचं उरलेलं हिरवं रेक्झिन लावलं होतं, २०११ मध्ये मी ते फाडून टाकायला निघालो होतो. ते राहील. डाव्या मडगार्डला म्हशीने दिलेला पोचा आहे, त्यावर लांबी भरून गुळगुळीत करणार नाही. हॉर्न अँबेसेडरचा आहे, तोही राहील. उलट ब्रेकच्या बाबतीत तडजोड नाही. चारी चाकांना ड्रम ब्रेक, आणि त्यांचे रबरी वॉशर चौदा वर्षांत दगड झालेत. जुन्या गाड्यांच्या प्रेमात पडलेले लोक हे सांगत नाहीत, की या गाड्या आजच्या मानाने धोक्याच्या होत्या. थांबायला वेळ घ्यायच्या, आणि धडकल्या तर आतल्या माणसाला फारसं काही वाचवायचं नाही. त्यामुळे पुढे दोन पट्टे मी बसवून घेणार आहे. मूळ रूप बिघडलं तर बिघडू दे.

पेट्रोलचंही एक प्रकरण आहे. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल. आमच्याच मराठवाड्यातल्या उसाचं असेल म्हणून आनंद मानावा तर इथेनॉल ओलावा ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा, गॅस्केट त्यासाठी बनलेलेच नव्हते. काही जुन्या गाड्यांतले असे भाग बदलावे लागू शकतात हे सरकारही मान्य करतं. हे खर्चाच्या मानाने मोठं काम नाही, पण करायचं विसरलं तर गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकेल. जुने पाइप मी सगळे काढून फेकले. 

एका बाबतीत मात्र आमच्या भागाने गाडीला हात दिला. मुंबईत पद्मिनीची पहिली खोड म्हणजे तळ सडणं, पाय ठेवला की रस्ता दिसायचा. इथली हवा कोरडी. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत रबर तडकलं, रंग उडाला, पण पत्रा टिकला. गंज आहे तो २०२५ च्या पावसातलाच, वरवरचा. घासून रेड ऑक्साइड मारलं की झालं.

*

उस्तादांचा मुलगा आता मोटारसायकलींचं गॅरेज चालवतो. २०११ मध्ये तो दहावीत होता, बॅटरी धरून उभा राहायचा. त्याला बोलावलं तेव्हा तो आधी अंगणातला ढीग बघून हसला. मग म्हणाला, "सर, फियाट का काम मैंने कभी अकेले नहीं किया." मी म्हणालो, मीही नाही. तो आता रविवारी येतो.

इंजिन जाम होतं. सेल्फ मारायचा नाही, हे त्याने पहिल्यांदाच बजावलं. चारी प्लग काढले, प्रत्येक भोकातून डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. पुढच्या रविवारी पुलीच्या नटाला पाना लावून हळूच ओढून पाहिलं. नाही हललं. परत ओतलं. तिसऱ्या रविवारी पाना दोन बोटं सरकला, मग थोडा उलटा, मग थोडा सुलटा. जोर करायचा नाही, नाहीतर रिंगा तुटतात. संध्याकाळपर्यंत पूर्ण फेरा झाला. आम्ही दोघांनी चहा घेतला आणि त्यावर काहीच बोललो नाही.

मग कार्बोरेटर खोलला. आतलं पेट्रोल वाळून डिंकासारखं झालेलं, जेटची भोकं एका बारीक तारेने साफ केली (तार वापरू नये म्हणतात, आम्ही वापरली). डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट पॉलिश पेपरने घासले. वायरिंग उंदरांनी नेलेलं, ते तात्पुरतं चार वायरींवर भागवलं. इथे एक सांगायला पाहिजे: एवढं सगळं आम्ही बिलोलीत, कुठल्याही स्कॅनरशिवाय, एक मोटारसायकलवाला आणि एक मराठीचा मास्तर मिळून करू शकलो. माझी आताची कार दिवा लागला की मला नांदेडला नेते. अण्णा १९८४ मध्ये हेच म्हणत होते.

मागच्या रविवारी, दुपारी साडेचारच्या सुमाराला, चोक ओढून सेल्फ मारला. पाचव्या का सहाव्या वेळेला पकडलं. आधी दोनच सिलिंडर, मग तीन, मग चारही. पांढरा, मग निळा धूर, शेजारची पोरं खोकत पळाली. तीन-चार मिनिटं चालू ठेवलं. रेडिएटर गळतोय हे दिसलं म्हणून बंद केलं.

आई ओट्यावर आली होती. तिला आता कमी ऐकू येतं. ती म्हणाली, "रात्रीचं कुणी बोलवायला आलं की असाच आवाज यायचा. मी उठून चहा टाकायची." थोडं थांबून म्हणाली, "तवा एवढा धूर नव्हता."

उस्तादांच्या मुलाचं म्हणणं आहे, की रिंगा बदलाव्याच लागतील. मी म्हणतो, आधी ब्रेक. ब्रेकचं किट हैदराबादेत राणीगंजला मिळेल असं कळलंय, पुढच्या आठवड्यात मी जाऊन येणार आहे. मागचा बंपर नाही, तो शोधणार नाही. तोवर गाडी शेडमधून सहा फूट पुढे ढकललीय आणि चाकांना विटा लावल्यात.

'कार्बोरेटर' लिहिलेली ती चुकीची पुडी मात्र अजून तशीच बांधून ठेवलीय. दाराच्या हँडलची पाळी आली की सोडीन.